मिरचीबंदी

आमच्या घरातून मिरची हद्दपार झाली ती माझ्यामुळे, आणि त्याबद्दल घरातल्या एकाही माणसाने मला मनापासून माफ केलं नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय. पण आई भिवापूरची होती. तिच्या भावाच्या, म्हणजे आमच्या मामाच्या शेतात मिरचीच पिकायची, आणि उन्हं तापायला लागली की मामा एसटीच्या टपावर पोतं टाकून नागपूरला हजर व्हायचा. मग आठ दिवस मानेवाड्याचं आमचं तीन खोल्यांचं घर मिरचीच्याच मालकीचं असायचं. अंगणातल्या खाटांवर जुनी लुगडी पसरून वर लालभडक मिरची, देठ खुडत बसलेल्या आम्ही बायका, लोखंडी खलात मुसळ पडल्याचा दणदण आवाज, आणि मधूनमधून आत्याच्या शिंका. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कमी वयात विधवा होऊन आमच्याकडे आलेली आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीवर अंतिम मत देणारी. शिंकासुद्धा ती मोजायची आणि संध्याकाळी बाबांना आकडा सांगायची. वर्षभराचं तिखट बरणीत भरलं गेलं की आई पहिल्या दिवशी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची. वर लाल तेलाची बोटभर तर्री. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी ताट पुढे करून आणखी मागायचं, असं ते जेवण असे.

या सुखाला माझी दृष्ट लागली. मी सोळा-सतरा वर्षांची असताना मला आकडी यायला लागली. पहिली आकडी स्वयंपाकघरात आली, दुसरी अंगणात, तिसरी पुढच्या खोलीत, अगदी बाबांच्या आरामखुर्चीपाशी. तिन्ही वेळा पडायच्या आधी मी एकच वाक्य बोलले होते, "आई, मिरची जळून राहिली वं." मग दाणकन खाली, हातपाय ताठ, अंगाला झटके, तोंडाला फेस. हे सगळं मी ऐकीव सांगते आहे. माझ्या वाट्याला फक्त सुरुवातीचा तो वास यायचा, तव्यावर सुकी मिरची करपल्यासारखा, नाकात नाही तर थेट डोक्यात शिरणारा. त्यानंतर मधला सगळा तुकडा गायब, आणि मग दुखणारी जीभ, वर वाकलेले चेहरे, आणि आत्या माझ्या मुठीत लोखंडी किल्ली कोंबते आहे.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. कुठल्याही घटनेमागे कारण असतं आणि ते कारण कागदावर आणलं की निम्मं काम झालं, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. तिसऱ्या आकडीनंतर त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "मिरचीचा ठसका हिच्या मेंदूले चढते. तीनही खेपा मिरचीचा वास आला अन् ही पडली. आता याच्यात संशय घ्यायला जागा नाही." आत्याने लगेच दुजोरा दिला. आई काहीतरी बोलायला गेली, "पण आवं, त्या दिवशी मी तं भाताले आधण ठेवलं होतं, मिरची कुठं..." पण बाबांचा निर्णय झाला होता, आणि आमच्या घरात झालेला निर्णय फिरवण्याची सोय नव्हती. बरण्या रिकाम्या झाल्या. पोतं परत भिवापूरला गेलं. मामाला त्याचा इतका राग आला की तो पुढे दीड वर्ष आमच्याकडे जेवला नाही. यायचा, पाणी प्यायचा, आणि म्हणायचा, "माया मिरचीनं आजवर कोनाले मारलं नाही. जावईबापूले सांग."

फिक्या जेवणाचे ते दिवस आठवले की अजूनही माझं डोकं फिरतं. गोळाभात म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातात वाफवून वर तेलाची तिखट फोडणी. त्यातलं तिखट काढून टाकल्यावर खाली काय उरतं? पथ्य उरतं. वरणाला हिंगजिऱ्याची फोडणी, वांग्याला गूळ आणि मिरपूड, आणि तीही आत्याला संशयास्पद वाटायची. घरातला प्रत्येक जण पहिला घास घेऊन आधी ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. आणि याचा उपयोग काय? काडीचा नाही. मिरची गेली, वास तसाच राहिला. मी महिना-दोन महिन्यांनी "मिरची जळून राहिली" म्हणायची आणि पडायची. एखाद्याने इथे थांबून विचार केला असता. बाबांनी शेजारच्या बाजूच्या दोन्ही खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. मग शेजाऱ्यांकडे जाऊन हात जोडून सांगून आले, की तुमच्या फोडणीने आमच्या मुलीचा जीव जातो, तेव्हा कृपा करून सुक्या मिरचीची फोडणी देत जाऊ नका. शेजारीण भली बाई. तिने हो म्हटलं. पुढे मात्र तिच्या घरून काही वास आला नाही तरी मी पडत राहिले, तेव्हा बाबांनी त्या ओळीतलं तिसरं घर गाठलं.

हे हसण्यासारखं आहे हे मला कळतं. पण मला तेव्हा हसू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं येत नाही. परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत चाळिशीतला एक गृहस्थ असाच कोसळला. क्षणात दहा माणसं गोळा. एकाने चप्पल काढली, दुसरा कांदा शोधायला धावला, तिसऱ्याने त्याच्या दातांत चमचा घालायला घेतला, आणि उरलेले मोबाईल काढून उभे. मी या वयात, गुडघे धरत, त्या गर्दीत घुसले आणि ओरडले, की बाजूला व्हा, त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, तोंडात काही घालू नका आणि कुणीतरी घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं किंवा एक संपून लगेच दुसरी आली तर अँब्युलन्स. दोन मिनिटांत झटके थांबले. चप्पलवाला म्हणाला, "पाहा, चप्पल काढली म्हणून थांबलं." माणसाने शिकायचंच नाही म्हटलं, तर पन्नास वर्षांतही तो काही शिकत नाही.

तर, औषध सुरू नव्हतं असं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या होत्या. पडणं थोडं कमी झालं, झोप मात्र अशी वाढली की विचारू नका. सकाळी आई मला उठवून बसवायची, मी बसल्या बसल्या झोपायची. पुन्हा आकडी आली की डॉक्टर गोळी वाढवायचे, आणि गोळी वाढली की मी आणखी झोपायची. मी तोवर बारावी सायन्सला होते. एवढ्या मोठ्या घराण्यात सायन्स घेणारी पहिली मुलगी, म्हणून दहावीनंतर बाबांनी स्वतः कॉलेजात रांगेत उभं राहून माझं नाव घातलं होतं. मला वनस्पतिशास्त्र आवडायचं, त्याहून जास्त प्रयोगशाळा आवडायची, तिथला तो स्पिरिटचा वास आणि पांढऱ्या कोटातलं आपण. आणि आता त्याच कॉलेजातून एक चिठ्ठी आली. मुलीचं वर्गात लक्ष नसतं, रसायनाच्या प्रयोगशाळेत बाईंनी तीनदा हाक मारली तरी उत्तर दिलं नाही, ओढणीशी चाळा करत उद्धटपणे उभी राहिली, आणि हातातलं चंचुपात्र सोडून दिलं.

मी आणि उद्धट! मला यातलं काहीच आठवत नव्हतं. चंचुपात्र फुटलेलं आठवत होतं, बाईंचा लाल झालेला चेहरा आठवत होता, मधली हाक आठवत नव्हती. मी रडून रडून सांगितलं, की मला हाक ऐकूच आली नाही. बाबा म्हणाले, "तीन हाका? बहिरी आहे का तू?" मग त्यांनी बराच वेळ चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "तिथं ॲसिड राहते. उद्या ॲसिड हातात घेऊन पडली तर? धंतोलीच्या मोठ्या डॉक्टरले एकदा दाखवतो. त्याहीनं काही झालं नाही, तर दिवाळीनंतर नाव काढू." हे ते रागाने बोलले असते तर मी भांडले असते. ते हळू आवाजात बोलले, म्हणून मला घाम फुटला. बाबांचा हळू आवाजातला निर्णय आजवर कधी मागे गेला नव्हता.

धंतोलीतल्या दवाखान्यांच्या त्या गल्ल्या आता तर ओळखू येत नाहीत, पण गर्दी तेव्हाही हीच. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, कुठून कुठून गाठोडी घेऊन आलेली माणसं, पायऱ्यांवर डबे सोडून बसलेली. आम्ही दोघंच गेलो, बाबा आणि मी. आईने चपला घातल्या होत्या. बाबा म्हणाले, "तुझं काय काम तिथं? घरी आत्याजवळ राह्य." आईने चपला काढल्या. बाबांनी कचेरीतल्या टाइपरायटरवर एक कागद टाइप करून आणला होता. वर "विषय : कु. कुंदा हिस येणाऱ्या आकडीबाबत", खाली "महोदय", त्याखाली क्रमवार मुद्दे, आणि शेवटी "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." लाजेने मला जमीन दुभंगावी असं झालं. बाबा तो कागद डॉक्टरांना उभ्याने वाचून दाखवू लागले.

डॉक्टर वयस्क होते, आणि माझ्या आयुष्यात मला भेटलेला पहिला माणूस जो माझ्यापेक्षा जास्त वैतागलेला होता. तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे मिरचीला, त्यांनी हात वर केला. "तुम्ही स्वतः पाहिली आहे का आकडी?" बाबा म्हणाले, अर्थातच. "पडताना पाहिलं की पडल्यावर?" बाबा म्हणाले, "आवाज आला की मी धावत येतो." डॉक्टरांनी टेबलावर पेन आपटलं. "म्हणजे शेवट पाहिलाय. इथे येणारा प्रत्येक जण मला शेवट सांगतो. झटके, फेस, डोळे पांढरे. शेवट सगळ्यांचा सारखाच दिसतो हो! मला सुरुवात सांगा. उजवा हात आधी की डावा? मान कुठे वळली? पडायच्या आधी पाच-दहा सेकंद काय करत होती?" बाबांनी कागद उलटून पाहिला. कागदाच्या मागे काही नव्हतं.

त्याच दिवशी माझ्या डोक्याला चिकट मलम लावून, तारा जोडून मेंदूचा आलेख काढला. केसांतलं ते मलम निघायला चार न्हाणी लागली. आलेख चांगला आला. बाबांनी बाहेरच्या बाकावर तो रिपोर्ट दोनदा वाचला, आणि कागदावरून नजर उचलून मला खालून वरपर्यंत पाहिलं. "नॉर्मल," ते म्हणाले. त्या एका शब्दात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, बाबा आता नाहीत. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "आलेख काढला तेव्हा आकडी आली नाही, म्हणून नॉर्मल. चोर चोरी करत नसताना त्याचा फोटो काढला तर तो सज्जनच दिसणार. याने आजार नाही असं ठरत नाही. पुढच्या आठवड्यात या, आणि हिच्यासोबत दिवसभर घरी कोण असतं त्याला घेऊन या. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

म्हणून आई धंतोलीला आली. हिरवं लुगडं, पदर डोक्यावर, चौथी पास, आणि डॉक्टरांपुढच्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली, खुर्ची कुणी परत मागेल अशा धास्तीने. बाबा मागे उभे. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, किती वेळ चालते आकडी?" बाबा मागून म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटं." आई खाली बघत म्हणाली, "नाही जी. मी मोजते. शंभराच्या आत होऊन जाते. मंग ती घोरते." डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट वर पाहिलं. "मोजता? बरं. मान?" "डाव्या अंगाले. हातबी डावाच पयले वाकडा होते. मंग सारं अंग." "आणि त्याच्या आधी?" "आधी वास येते म्हनते." "तुम्हाला येतो तो वास?" आई म्हणाली, "नाही. मले कधीच नाही आला. दीड वर्ष झालं, घरात मिरचीचा देठ नाही." मागे बाबांनी घसा खाकरला. डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "बाई, असं कधी होतं का, की वास येतो, थोडं काहीतरी होतं, पण ती पडत नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिचा हात तिच्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. मला तिचा भयंकर राग आला. एवढी उत्तरं धडाधड देणारी बाई, आणि ज्यावर माझं कॉलेज टांगलेलं आहे त्याच प्रश्नाला मुखदुर्बळ! मी खेकसले, "अगं सांग ना आई, काय असेल ते! काहून बसली अशी?" तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "होते. आठ दिवसांत दोनदा, तीनदा."

"काय?" बाबा म्हणाले.

"कसं होतं, सांगता येईल?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "सांगता नाही येनार जी. करून दाखवते." आणि माझी आई, जिने परक्या माणसापुढे कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, तिने तो पदर घसरू दिला आणि चेहरा सैल सोडला. म्हणजे आतून कोणीतरी निघून जावं तसा. डोळे उघडे, पण कशावरच नाहीत. ओठ चपचप करत चाळवू लागले, तोंडात काही नसताना चघळल्यासारखे. उजव्या हाताची बोटं लुगड्याचा काठ चुरगाळू लागली, सोडू लागली, पुन्हा चुरगाळू लागली. डॉक्टरांनी हाक मारली, "बाई." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मला कळत होतं की ती सोंग करते आहे. ती मी होते. दीड वर्ष माझ्या आईने जे पाहिलं ते मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तिला माझा प्रत्येक चाळा तोंडपाठ होता. मग तिने एकदम पापण्या मिटल्या, पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "असं. मंग इकडं तिकडं पाह्यते, अन् म्हनते, काय झालं."

मग बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "ते कॉलेजमधलं... ओढणीचं... ते हेच आहे का?" डॉक्टर म्हणाले, "हेच. मुलगी उद्धट नाही. त्या अर्ध्या-एक मिनिटापुरती ती तिथे नव्हतीच."

मग त्या चिडक्या माणसाने चिडचिड बाजूला ठेवून आम्हाला समजावलं. आज मला या विषयावरची पुस्तकं वाचता येतात, तरी ते समजावणं मला पुरतं. ते म्हणाले, आकडी एकाच जातीची नसते. काहींच्या सगळ्या मेंदूत ती एकदम सुटते. लहान पोरं वर्गात दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतात आणि पुन्हा लिहायला लागतात, मास्तर त्यांना मारतात, तीही आकडीच. कुणाचे सकाळी उठल्या उठल्या हात उडतात, हातातला कप फेकला जातो, तीही आकडीच. आणि काहींची मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होते, हिच्यासारखी. घरात एका खोलीत तारेला ठिणगी पडते. कधी तिथेच विझते, तेव्हा ही नुसती ओठ चघळत उभी राहते. कधी घरभर पसरते, तेव्हा पडते. "हिचा तो कोपरा वासाचा आहे. वास बाहेरून येत नाही, तो मेंदूत तयार होतो. मिरचीने आकडी येत नाही हो. तो वास हीच आकडीची सुरुवात आहे." बाबांनी खिशातला टाइप केलेला कागद काढला, पाहिला, आणि घडी करून परत ठेवला.

औषध बदललं. कार्बामाझेपिन, थोडं थोडं वाढवत न्यायचं. झोपेची जुनी गोळी एकदम बंद करायची नाही, आठवड्या-आठवड्याने उतरवायची, नाही तर तीच उलटेल. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी यायचं. जागरण नको, गोळी चुकवायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. बाबांनी विचारलं, "मग कॉलेज?" डॉक्टर म्हणाले, "पाठवा की. सध्या सायकल नको, विहिरीपाशी एकटी नको, ॲसिडच्या बाटलीपाशी मैत्रीण सोबत असू द्या. बाईंना मी चिठ्ठी देतो. उद्धट त्यांना म्हणायचं असेल तर मला येऊन म्हणा म्हणावं." लहानसहान आकड्या जायला सहा महिने लागले, पडणं त्याआधीच थांबलं. मी पुढे बी.एस्सी. केलं आणि शाळेत विज्ञान शिकवलं. आजही रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेते. वर्गात शून्यात बघणाऱ्या पोराला मी कधी खडू फेकून मारला नाही, आधी घड्याळाकडे बघितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाबा औषधाच्या दुकानात रांगेत उभे राहिले, आणि आई नि मी बाहेर, एका बंद शटरच्या सावलीत. मला आनंद व्हायला हवा होता. कॉलेज वाचलं होतं. पण माझा इतका संताप झाला होता की दात आवळले जात होते. आत्यावर, बाबांवर, प्रयोगशाळेच्या बाईंवर झाला त्याहून जास्त आईवर. आठवड्यातून दोन-तीनदा! ही बघत होती, मोजत होती, आणि गप्प होती. मी तिला रस्त्यावरच धारेवर धरलं. "दीड वर्ष, आई! दीड वर्ष मी झोपेच्या गोळ्या खाऊन राहिली, लोकं मले उद्धट म्हणून राहिले, बाबा नाव काढायले निघाले, अन् तुले सारं माहीत होतं! एक शब्द काहून नाही बोलली?"

आईने गल्लीतल्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूच तं बोलू देत नव्हती."

"मी?"

"दर खेपेस. डोळ्यांत जीव आला का पयले तेच. माया हात धरते, तुया गळ्याले लावते अन् म्हनते, आई, बाबाले सांगू नको, ते माझं कॉलेज बंद करतीन, तुले माझ्या गळ्याची शपथ. मी शपथ घेतली का मंग सोडते. अन् मंग विसरून जाते, अन् म्हनते, काय झालं."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ती म्हणते म्हणजे झालं असणार, एवढंच मला माहीत आहे. दीड वर्षात किती वेळा तिने माझ्या गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली असेल, याचा हिशेब मी त्या शटरपाशी करू लागले आणि अर्ध्यात सोडून दिला. गळ्याची शपथ मोडली तर जिच्या गळ्याची, ती मरते, असं आईच्या गावात शेंबडं पोरही सांगतं. आत केबिनमध्ये तिने माझ्याकडे तेवढा वेळ काय पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"आई," मी म्हणाले.

तिने माझा हात घेऊन माझ्याच गळ्यावर ठेवला, आणि वर स्वतःचा ठेवला. तिचा हात गार पडला होता, एवढ्या उन्हात. "आता भांडत नको बसू," ती म्हणाली. "बाबा याच्या आत म्हण, सुटली. तूच घातली, तुलेच सोडा लागते. नाही तं रात्री मी तुयाजवळून उठनार नाही."

"सुटली," मी म्हणाले.

"तीनदा म्हण."

मी तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मला ते नीट म्हणता आलं नाही, म्हणून तिने पुन्हा म्हणायला लावलं.